विद्यार्थ्यांचे स्वाध्याय आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : विद्यापीठीय नियमांचा विचार

विद्यापीठाची पदवी हे समाजाला दिलेले एक अभिवचन असते. अमुक विद्यार्थ्याने अमुक विषय आत्मसात केला आहे आणि त्या विषयाचे काम त्याच्यावर सोपविण्यास हरकत नाही, असे विद्यापीठ सही-शिक्क्यानिशी सांगत असते. गावच्या शाळेत रुजू होणारा शिक्षक, प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका, पाझर तलावाचे अंदाजपत्रक करणारा अभियंता, पतसंस्थेचे हिशेब तपासणारा लेखापरीक्षक या सर्वांना आपण याच अभिवचनाच्या भरवशावर स्वीकारतो.

पदवीसाठी मिळणारे गुण केवळ परीक्षा मंदिरातील उत्तरपत्रिकेचे नसतात. स्वाध्याय, निबंध, प्रकल्प-अहवाल, क्षेत्रकार्याच्या नोंदी, चर्चासत्रातील टिपणे यांनाही गुण असतात आणि अंतर्गत मूल्यमापनाचे महत्त्व अलीकडे वाढत गेले आहे. परीक्षेच्या वेळी पर्यवेक्षक उपस्थित असतो. घरी केलेले लेखन मात्र विश्वासावर स्वीकारले जाते. या विश्वासाची आज कसोटी लागली आहे. अमेरिकेतील ओपनएआय या संस्थेने ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी हे साधन सर्वांसाठी खुले केले. त्यापाठोपाठ तशी अनेक साधने आली. मोबाइलवर प्रश्न विचारताच काही क्षणांत सुसंगत निबंध, गणिताची उकल किंवा संगणकीय आज्ञावली तयार होऊन मिळते. इंग्रजीत मिळते तशीच मराठीतही मिळते. हे साधन विद्यार्थ्याने कोठवर वापरावे, वापरल्यास काय सांगावे आणि गैरवापराचा आरोप झाल्यास त्याची शहानिशा कशी व्हावी, हे ठरविण्याची जबाबदारी विद्यापीठांवर येऊन पडली आहे. देशोदेशीच्या विद्यापीठांनी केलेल्या नियमांचा आणि त्यांतून मिळालेल्या धड्यांचा हा परिचय आहे.

साधनाचे स्वरूप

नियमांचा विचार करण्यापूर्वी हे साधन काय करते, हे थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे. ज्ञानकोशातून उतारा शोधून तो जसाच्या तसा देणारे हे यंत्र नव्हे. कोट्यवधी पृष्ठांच्या मजकुरावरून शब्दांमागून कोणते शब्द येण्याचा संभव अधिक, याचे गणित त्यात साठविलेले असते. प्रश्न मिळाला की त्या गणिताच्या आधारे ते एकेक शब्द जुळवीत नवे वाक्य तयार करते. म्हणून एकच प्रश्न दोनदा विचारला तर दोन वेगळी उत्तरे मिळू शकतात.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, तयार झालेला मजकूर बहुधा कोणत्याही एका ग्रंथाची नक्कल नसतो. त्यामुळे नक्कल शोधणाऱ्या जुन्या पद्धती येथे अपुऱ्या पडतात. दुसरी अशी की, वाक्य सुबक असले म्हणजे त्यातील माहिती खरी असेलच असे नाही. न्यूयॉर्क येथील एका खटल्यात वकिलांनी या साधनाने पुरविलेले, प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयापुढे मांडले; जून २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांना ५,००० डॉलर दंड केला. मुरलेल्या वकिलांची जेथे अशी फसगत होते, तेथे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याची होणे अवघड नाही.

बंदीकडून नियमनाकडे

प्रारंभी अनेक संस्थांनी बंदीचा मार्ग स्वीकारला. पॅरिस येथील सायन्सेस पो या प्रख्यात संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये, अध्यापकाच्या देखरेखीखालील विशिष्ट उपयोग वगळता, लेखी अथवा तोंडी कामात या साधनाचा अघोषित वापर निषिद्ध ठरविला आणि संस्थेतून काढून टाकण्यापर्यंतच्या शिक्षेची तरतूद असल्याचे बजावले. फेब्रुवारी २०२३ मध्ये हाँगकाँग विद्यापीठाने वर्गकार्य, स्वाध्याय व मूल्यमापन यांत अशा साधनांच्या वापरास तात्पुरती मनाई केली. अध्यापकाची लेखी पूर्वपरवानगी नसेल तर असा वापर वाङ्मयचौर्य समजला जाईल, असे जाहीर करण्यात आले.

ही मनाई फार काळ टिकली नाही. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षाच्या आरंभीच हाँगकाँग विद्यापीठाने धोरण बदलले. स्वतःच्या व्यवस्थेतून विद्यार्थ्यांना हे साधन विनामूल्य उपलब्ध करून दिले आणि प्रत्येक विद्यार्थ्यास महिन्याला २० प्रश्नांची मर्यादा घातली. जे साधन प्रत्येकाच्या खिशात आहे त्यावर केवळ मनाई केल्याने वापर थांबत नाही, तो लपून होतो. शिवाय प्रामाणिक विद्यार्थी नियम पाळून मागे राहतो आणि नियम मोडणारा पुढे जातो. ज्याला पैसे देऊन अधिक चांगले साधन घेता येते आणि ज्याला ते परवडत नाही, त्यांच्यातील विषमताही या लपवाछपवीत झाकली जाते.

ब्रिटनमधील २४ प्रमुख विद्यापीठांच्या रसेल गटाने जुलै २०२३ मध्ये पाच तत्त्वे प्रसिद्ध केली. विद्यार्थ्यांना व कर्मचाऱ्यांना या साधनांचे साक्षर ज्ञान देणे, अध्यापकांना मार्गदर्शनासाठी सक्षम करणे, साधनांचा नीतियुक्त वापर सामावून घेईल व सर्वांना समान संधी राहील अशा रीतीने अध्यापन आणि मूल्यमापन बदलणे, शैक्षणिक काटेकोरपणा व सचोटी राखणे आणि अनुभवांची परस्परांत देवाणघेवाण करणे, अशी ती तत्त्वे होत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने प्रत्येक मूल्यमापन तीन वर्गांपैकी एकात घालण्याची पद्धत अंगीकारली : जेथे साधन वापरता येणार नाही, जेथे ते साहाय्यक म्हणून चालेल आणि जेथे त्याचा वापर हाच कामाचा अंगभूत भाग आहे. विद्यार्थ्याला काम हाती घेतानाच मर्यादा कळते, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे.

ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाने याहून पुढचे पाऊल टाकले. त्याने मूल्यमापनाचे दोन मार्ग ठरविले. एका मार्गावर विद्यार्थ्याला स्वतःला काय येते याची खात्री समक्ष व देखरेखीखाली करून घेतली जाते. दुसऱ्या मार्गावरील कामे खुली असतात व त्यांत साधनाचा वापर करण्यास मुभा असते, मात्र तो नमूद करावा लागतो. २०२५ पासून ही व्यवस्था तेथे अमलात येऊ लागली. घरी करावयाच्या कामात साधन वापरले गेले की नाही हे निश्चितपणे तपासता येत नसेल, तर तपासता न येणारी मनाई कागदावर ठेवण्यात अर्थ नाही, ही त्यामागची सरळ भूमिका आहे.

आपला नियम कोठे थांबतो

भारतात या विषयाशी जवळचा नियम म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक सचोटीस प्रोत्साहन व वाङ्मयचौर्यास प्रतिबंध यासंबंधीचे २०१८ चे विनियम. दुसऱ्याचे काम किंवा कल्पना घेऊन ती स्वतःची म्हणून सादर करणे, अशी वाङ्मयचौर्याची व्याख्या त्यांत आहे. साम्याच्या प्रमाणानुसार चार स्तर ठरविलेले आहेत. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले असून त्यास दंड नाही. दहा ते चाळीस टक्के साम्य आढळल्यास प्रबंध सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो. चाळीस ते साठ टक्क्यांसाठी सुधारित प्रबंध सादर करण्यास एक वर्ष मनाई होते. साठ टक्क्यांवर नोंदणी रद्द होऊ शकते. चौकशीसाठी विभाग व संस्था अशा दोन पातळ्यांवर समित्यांची तरतूद आहे.

या विनियमांतील दोन गोष्टींकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही. पहिली, हे मोजमाप साम्याचे आहे. साधनाने नव्याने जुळविलेल्या मजकुरात साम्य जवळजवळ शून्य निघू शकते आणि तरीही त्यात विद्यार्थ्याचा एक शब्दही नसू शकतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. विनियमांच्या कक्षेत शोधनिबंध, प्रबंध, ग्रंथ आणि पदव्युत्तर व संशोधन पदवीसाठीचे तत्सम लेखन येते. स्वाध्याय, सत्रनिबंध, प्रकल्प-अहवाल, वर्गकार्य, निबंध व उत्तरपत्रिका यांना त्यांतून स्पष्टपणे वगळले आहे. म्हणजे पदवीच्या वर्गातील विद्यार्थी रोज जे लिहितो, नेमके तेच या विनियमांच्या बाहेर राहते.

एखाद्या महाविद्यालयाने स्वाध्यायातील कथित गैरवापराबद्दल या विनियमांतील टक्केवारीचा आधार घेऊन विद्यार्थ्यास शिक्षा केली, तर त्या शिक्षेचा पाया कच्चा राहील. ही उणीव भरून काढणे विद्यापीठाच्याच हाती आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये विद्यापरिषद, अभ्यासमंडळे तसेच परीक्षा व मूल्यमापन मंडळ ही प्राधिकरणे अस्तित्वात आहेत. स्वाध्यायाचा नियम त्यांच्याद्वारे रीतसर होणे उचित होय. प्रत्येक अध्यापकाने आपापला तोंडी नियम केल्यास एकाच महाविद्यालयाच्या दोन वर्गांत दोन न्याय होतील.

लिखित नियमाची आवश्यकता किती आहे, हे एका प्रकरणावरून दिसून आले. हरियाणातील एका खासगी विद्यापीठाने २०२४ मध्ये विधी शाखेच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्यास, त्याची उत्तरे मोठ्या प्रमाणात यंत्रनिर्मित असल्याच्या कारणावरून अनुत्तीर्ण ठरविले. अशा वापरास मनाई करणारा स्पष्ट नियम नव्हता आणि आरोपास पुरावा नाही, असे म्हणत तो पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात गेला. दरम्यान विद्यापीठाने त्यास उत्तीर्ण केल्यामुळे याचिका निकाली निघाली. विद्यार्थ्याचा प्रश्न सुटला. परंतु आधी नियम आणि मग शिक्षा हा क्रम सांभाळला गेला पाहिजे, एवढा बोध त्यातून घ्यावयास हवा.

शोधयंत्राचा आकडा म्हणजे पुरावा नव्हे

यंत्राने लिहिलेले लेखन दुसऱ्या यंत्राने ओळखावे, हा उपाय प्रथमदर्शनी सोपा वाटतो. तशा आज्ञावली बाजारात आहेत व त्या अमुक टक्के मजकूर यंत्रनिर्मित असल्याचा आकडा देतात. साम्य दाखविणारी आज्ञावली निदान मूळ स्रोत समोर ठेवते. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून कोणालाही खात्री करून घेता येते. या नव्या आकड्यामागे मात्र दाखविता येईल असे काहीच नसते. तो केवळ अंदाज असतो.

या अंदाजाची मर्यादा साधनाच्या निर्मात्यांनाच प्रथम मान्य करावी लागली. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःची ओळखप्रणाली प्रसिद्ध केली. तिच्या स्वतःच्या चाचणीत ती यंत्रनिर्मित मजकुरापैकी २६ टक्केच ओळखू शकत होती आणि माणसाने लिहिलेल्या मजकुरापैकी ९ टक्के मजकूर चुकून यंत्राचा ठरवीत होती. अचूकता कमी असल्याने जुलै २०२३ मध्ये ती मागे घेण्यात आली.

अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिन या आज्ञावलीतील ओळखसुविधा बंद केली. त्यामागचे गणित उद्बोधक आहे. २०२२ मध्ये त्या विद्यापीठाने ७५,००० लेख या आज्ञावलीत तपासले होते. चुकीचे प्रमाण केवळ एक टक्का धरले, तरी सुमारे ७५० निरपराध लेखांवर ठपका आला असता. टक्केवारीत जी चूक नगण्य वाटते, ती ज्या विद्यार्थ्याच्या वाट्यास येते त्याच्यासाठी शंभर टक्के असते.

महाराष्ट्रातील अध्यापकांनी विशेष लक्ष द्यावे असा निष्कर्ष स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींनी स्वतः लिहिलेले ९१ इंग्रजी निबंध त्यांनी सात ओळखप्रणालींकडून तपासून घेतले. सरासरीने निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ६१ टक्के निबंध यंत्रनिर्मित ठरविले गेले. अमेरिकी शालेय विद्यार्थ्यांचे निबंध मात्र बहुतांशी बरोबर ओळखले गेले. कारण असे की, शब्द जितके अपेक्षित व वाक्यरचना जितकी साधी, तितका मजकूर यंत्राचा असण्याचा संशय या प्रणाली घेतात. परकी भाषा शिकणारा विद्यार्थी मर्यादित शब्दसंपदेत आणि पाठ झालेल्या साच्यांत लिहितो. त्याच निबंधांची भाषा चॅटजीपीटीकडून अलंकृत करून घेतली, तेव्हा ते माणसाचे म्हणून सुटण्याचे प्रमाण वाढले.

मराठी माध्यमातून आलेला, घरातील पहिला पदवीधर होऊ पाहणारा आणि इंग्रजीत स्वाध्याय लिहिणारा विद्यार्थी या वर्णनात नेमका बसतो. शब्दकोश हाताशी घेऊन त्याने स्वतः लिहिलेले साधे लेखन संशयास्पद ठरावे आणि यंत्राकडून सजविलेले लेखन निर्दोष ठरावे, ही अवस्था न्यायाची नव्हे. आज्ञावली पुढे सुधारल्या तरी ज्या आकड्याचे कारण विद्यार्थ्यास दाखविता येत नाही, त्यावरून त्याचे वर्ष बुडविणे समर्थनीय ठरत नाही. साधनालाच ‘हे तू लिहिलेस काय?’ असे विचारण्याचा मार्ग तर सर्वथा वर्ज्य होय. २०२३ मध्ये टेक्सासमधील एका अध्यापकाने तसे केले. साधनाने होकार दिला आणि वर्गातील विद्यार्थ्यांचे गुण रोखले गेले. आपण काय लिहिले याची नोंद पाहून ते उत्तर देत नसते. तेथेही ते केवळ शब्द जुळवीत असते.

चांगल्या नियमाची अंगे

वरील अनुभवांचा एकत्रित विचार केला असता एक सूत्र हाती लागते. विद्यार्थ्याने काम कसे केले हे त्याला दाखविता यावे आणि अध्यापकाला विचारता यावे, अशी व्यवस्था नियमाने निर्माण केली पाहिजे. त्या दृष्टीने पुढील मुद्दे उपयुक्त ठरतील.

१. प्रत्येक कामाचा वर्ग आधी सांगावा. साधन वर्ज्य, साहाय्यापुरते ग्राह्य किंवा अपेक्षित, यांपैकी काय लागू आहे हे स्वाध्याय देतानाच लेखी कळवावे. भाषाशुद्धी, भाषांतर, आराखडा, माहितीचा शोध व संपूर्ण लेखन या निरनिराळ्या गोष्टी असून त्यांपैकी कोणती चालेल हे स्पष्ट असावे.

२. वापर नमूद करणे बंधनकारक असावे आणि प्रामाणिक निवेदनाबद्दल गुण कापले जाऊ नयेत. निवेदन दोन-चार ओळींचे पुरेल. उदाहरणार्थ : ‘या अहवालासाठीची पाहणी, नोंदी व निष्कर्ष माझे आहेत. इंग्रजी वाक्यरचना सुधारण्यासाठी मी अमुक साधन वापरले. आकडे व संदर्भ मी मूळ ठिकाणी पडताळून पाहिले आहेत. माझा पहिला मसुदा माझ्याजवळ आहे.’

३. मजकुराची जबाबदारी विद्यार्थ्याचीच राहील. खोटा संदर्भ किंवा चुकीचा आकडा आढळल्यास तो साधनाने दिला ही सबब चालू नये.

४. कच्चे मसुदे, टिपणवही व मोजमापे जपून ठेवण्यास सांगावे. आरोप झाल्यास हाच विद्यार्थ्याचा आधार ठरतो.

५. संशय आल्यास प्रथम संभाषण व्हावे. दहा मिनिटांच्या तोंडी परीक्षेत विषय समजला आहे की नाही हे अध्यापकास बहुधा कळते. ओळखप्रणालीचा आकडा हा एकमेव पुरावा मानू नये. विद्यार्थ्यास आरोप लेखी मिळावा, म्हणणे मांडण्याची संधी मिळावी व अपिलाची सोय असावी.

६. खासगी माहिती जपावी. पाहणीतील कुटुंबांची नावे, आजार, उत्पन्न किंवा ओळख क्रमांक अशा साधनांत भरू नयेत. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी देशात २०२३ चा अधिनियम झालेला आहे. विद्यार्थ्यांचे पेपर अनोळखी संकेतस्थळांवर टाकून तपासण्याचा मोह अध्यापकांनीही टाळावा.

७. नियम अध्यापकांनाही लागू असावा. गुणदानात किंवा शेऱ्यांत साधनाचे साहाय्य घेतले असल्यास ते विद्यार्थ्यास कळले पाहिजे. अंतिम निर्णय माणसाचाच असला पाहिजे.

८. नियम दरवर्षी तपासून पाहावा आणि तो मराठीत, सोप्या भाषेत, प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्याच्या हाती द्यावा.

प्रश्नच वेगळा विचारावा

नियमांइतकेच महत्त्व स्वाध्यायाच्या प्रश्नाला आहे. ‘पाणलोट क्षेत्र विकासाचे महत्त्व सांगा’ या प्रश्नाचे उत्तर कोणतेही साधन उत्तम लिहून देईल. ‘आपल्या गावातील पाच विहिरींची पाणीपातळी जानेवारीपासून मेपर्यंत दर महिन्यास मोजा, दोन शेतकऱ्यांशी बोला आणि सर्वांत आधी आटलेल्या विहिरीचे कारण सुचवा’ असे म्हटले, तर विद्यार्थ्यास दोरी घेऊन विहिरीवर जावेच लागेल. मोजमापे हाती आल्यावर तक्ता आखण्यास किंवा भाषा नीट करण्यास त्याने साधनाचे साहाय्य घेतले तरी शिकणे घडलेलेच असते. नंतर वर्गासमोर पाच मिनिटे बोलण्यास सांगावे, म्हणजे खातरजमाही होते.

जेथे स्वतःला येणे अनिवार्य आहे, तेथे मात्र समक्ष परीक्षेला पर्याय नाही. औषधाच्या मात्रेचे गणित, तुळईवरील भाराची आकडेमोड, ताळेबंदाचे वाचन, वर्गात पाठ घेणे ही कौशल्ये देखरेखीखालीच तपासली गेली पाहिजेत. अशा परीक्षांना व तोंडी चाचण्यांना वेळ लागतो, मनुष्यबळ लागते. मोठ्या पटसंख्येच्या महाविद्यालयांत प्रत्येक स्वाध्यायावर तोंडी परीक्षा घेणे शक्य नाही, हे मान्यच करावे लागेल. त्यासाठी स्वाध्यायांची संख्या कमी करून त्यांची खोली वाढविणे, काही कामे वर्गातच लिहून घेणे आणि मोजक्या विद्यार्थ्यांची आलटून पालटून तोंडी चाचणी घेणे हे मार्ग आहेत.

स्थानिक संस्थांचा वाटा

क्षेत्रकार्यावर आधारलेले स्वाध्याय वाढावयाचे असतील, तर ग्रामपंचायतींचे साहाय्य मोलाचे ठरेल. पाणीपुरवठा, रोजगार हमीची कामे, शाळेतील पटसंख्या यांसंबंधीची सार्वजनिक माहिती विद्यार्थ्यास रीतसर पाहू द्यावी, त्याच्या भेटीची तारीख नोंदवून घ्यावी आणि शक्य असेल तेथे त्याचा अहवाल ग्रामसभेपुढे वाचून घ्यावा. ज्यांच्या गावाविषयी अहवाल लिहिला आहे त्या ग्रामस्थांच्या प्रश्नांना उत्तर देणे, यासारखी कसून परीक्षा दुसरी नाही. सार्वजनिक वाचनालयांनाही येथे कार्य आहे. साधनाने दिलेला संदर्भ खरा आहे किंवा नाही हे मूळ ग्रंथ उघडून पाहण्याची सवय तेथेच लागू शकते.

गणकयंत्र आले तेव्हा पाढे संपले असे वाटले होते. प्रत्यक्षात पाढे येणाऱ्यालाच गणकयंत्राने दिलेले चुकीचे उत्तर चटकन खटकते. नव्या साधनाच्या बाबतीत विद्यार्थ्याला असे खटकण्याइतके ज्ञान स्वतःजवळ असणे, हे उच्च शिक्षणाचे उद्दिष्ट राहिले पाहिजे. पुढील शैक्षणिक वर्षापूर्वी प्रत्येक विद्यापीठाने व महाविद्यालयाने आपला नियम लिखित स्वरूपात सिद्ध करावा आणि त्याच्या मसुद्यावर अध्यापकांबरोबर विद्यार्थ्यांचेही मत घ्यावे. तसे झाले तर निरपराध विद्यार्थ्यावर ठपका येणार नाही, आळसाला गुण मिळणार नाहीत आणि पदवीच्या कागदावर समाजाने ठेवलेला विश्वास अबाधित राहील.